रिकामी ट्रॉली लई उडते

पहिली मूर्ती फुटली तेव्हा माझ्या सासूबाई रडल्या नाहीत. मला वाटलं होतं, आता ह्या ऊर बडवून घेतील. एसटीच्या टपावरून खाली घेतलेलं गाठोडं त्यांनी रस्त्यातच सोडलं, आतले तुकडे बघितले, परत गाठ मारली आणि म्हणाल्या, "चला घरी." एवढंच. विहारामागच्या लिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि ते तुकडे पुरले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं विहार झाडायला गेल्या.

विहार म्हणजे काय, एक खोली. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. मोठ्या दुष्काळात आमच्या सगळ्या गल्लीनं सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मदतीच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, वाटपातली सुकडी खाल्ली, पोटं बिघडली, पण खडी फोडली. त्या खाणीत उरलेले दगड आम्ही नंतर डोक्यावर वाहून आणले आणि त्याची ही खोली उभी केली. आत मूर्तीसाठी ओटा बांधला. तो ओटा रिकामाच राहिला. सासूबाई त्या रिकाम्या ओट्यापुढं रोज मेणबत्ती लावायच्या.

माझी जीभ तेव्हाही अशीच होती, उचलली की टाळ्याला. मी म्हणायची, "आत्याबाई, घरात कंदिलाला रॉकेल न्हाय, आन् तुमी ओट्याला उजेड दाखवताय व्हय?"

"तुझं तू बघ," त्या म्हणायच्या. मग मी माझं बघायची.

दुष्काळ मागं पडून बरीच वर्षं झाल्यावर दुसऱ्या मूर्तीचं ठरलं. सोलापूरच्या एका कारागिरानं घडवली होती. प्लास्टरची, आतून पोकळ, बसलेली, माणसाच्या कमरेएवढी. ट्रकवाला ती जळकोटपर्यंत आणून देणार होता, कारण जळकोट हमरस्त्यावर. तिथून आमच्या गावाचा फाटा. त्या फाट्यावर गाडी घालायला तो ट्रकवाला काही केल्या तयार होईना. "हा रस्ता हाय का नदीचं पात्र?" म्हणाला. मला असा राग आला! पण बोलणार काय? दुष्काळात तो रस्ता आम्हीच केलेला. खडी अंथरली, वर मुरूम टाकला, आणि पाऊस बरा व्हायला लागल्यावर रोलर काही कधी आलाच नाही. मुरूम वाहून गेला, खडी वर आली. ज्या दगडांवर माझे हात सोलून निघाले होते तेच आता दात विचकून बसले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग गावातल्या सोसायटीचा ट्रॅक्टर मिळाला. तो चालवणारा गावातल्याच शेतकरी घरातला, आमच्या ह्यांच्या बरोबर शाळेत बसलेला. बोलायला लई तेज. सोसायटीत ट्रॅक्टर आल्यापासून तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. तो सासूबाईंना म्हणाला, "मावशी, काळजी सोडा. तुमची मूर्ती अशी आणतो, की तिला कळणारबी न्हाय जागा बदलली म्हणून."

सासूबाईंचं तोंड दुधानं पोळलेलं. त्या म्हणाल्या, "मी वेशीत वाट बघत बसणार न्हाय. मी जळकोटलाच येते. फुटायची आसंल तर माझ्या डोळ्यादेखत फुटू दे. पर आता ही फुटली तर तिसरी न्हाय. मग तो ओटा मीच पाडते."

त्या बोलल्या म्हणजे करणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

वैशाखातली सकाळ. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली. सगळी गल्ली पांढऱ्या लुगड्यांत आणि धुतलेल्या सदऱ्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंबून बसली. एकमेकांच्या मांडीवर मांडी, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. बायका गाणी म्हणत होत्या. ट्रॅक्टरवाला ऐटीत पळवत होता. खडीवरून दणादण गेलो, पण कुणी कुरकुरलं नाही. बुडाखाली गोधडीसुद्धा नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण हेच आम्ही सगळे पुढं विसरलो.

जळकोटला एका हाटेलाच्या छपराखाली ट्रकवाल्यानं मूर्ती बाकड्यावर उतरवून ठेवली होती, ताडपत्रीत गुंडाळून. आमच्या ह्यांनी दोरी सोडली. ताडपत्री खाली आली.

काय सांगू! मी तो चेहरा आजवर कॅलेंडरात बघितलेला. कागदावरचा, कोपरे दुमडलेला, माशा बसलेला. इथं तो माझ्यासमोर होता, माझ्या छातीच्या उंचीला. शेजारून ट्रक हॉर्न वाजवत चाललेले, धूळ उडतेय, भज्यांचा घाणा चाललाय, आणि तथागत आपले डोळे अर्धे मिटून बसलेले. कुणावर राग नाही, कुणाकडं मागणं नाही. हाटेलवाल्याचा चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर सांडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात. मी सासूबाईंकडं बघितलं तर त्या हात जोडायचं विसरून नुसत्या बघत होत्या.

मग मूर्ती ट्रॉलीत चढवायची वेळ आली. आमच्या ह्यांनी पुढारपण घेतलं. जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस. मूर्ती वर घेतली आणि मागं, मागं, अजून मागं करत चाकांच्या पलीकडं नेऊन ठेवली.

"आवं, पुढं घ्या की," मी म्हणाले. "पार टोकाला कशापायी?"

"मानंवर भार येतो," हे म्हणाले.

"कुणाच्या मानंवर?"

ह्यांनी दोरखंड हातात घेतला. त्यांच्या हातांना सवयच तशी. भार जुवावर पडू द्यायचा नाही, बैलाची मान सोलते. बैल मुकं जनावर, त्याची आपण काळजी घ्यायची. बरं, ट्रॅक्टरला कसली मान नि कसलं काय! पण त्या दिवशी गल्लीतल्या एकाही बाप्याला त्यात चूक दिसली नाही. उलट तोंड मागच्या बाजूला आलं, मागून चालणाऱ्यांना दर्शन होईल, म्हणून सगळे खूश झाले. भोवती कडबा कोंबला, वाकळा लावल्या, दोरखंडानं आवळली.

आता चढायचं म्हणून मी पदर खोचला, तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "खाली हो! कुणी वर चढायचं न्हाय. तथागताच्या बरोबरीनं बसायचं व्हय? चपला काढा समद्यांनी. मागनं चालत या."

झालं. सगळ्यांनी चपला काढून हातात घेतल्या. रणरणतं ऊन, पायाखाली डांबर. पण त्यांचं म्हणणं कुणाला चूक वाटलं नाही, मलाही नाही. एवढ्या वर्षांनी मूर्ती येतेय आणि आपण तिच्या शेजारी पाय पसरून बसायचं? छे.

हमरस्त्यावर सगळं ठीक होतं. फाट्याला वळलो, पहिली खडी लागली, आणि ती ट्रॉली अशी उडाली की माझ्या काळजाचं पाणी झालं. खडाड खट, खडाड खट. ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणाऱ्या हुकातली पिन आदळत होती, ट्रॉलीचं पुढचं तोंड वर उचलायचं आणि धाडकन खाली यायचं. मूर्ती मानेसकट हलत होती. मान हलवून ती आम्हाला नाही, नाही म्हणतेय असं दिसत होतं. सासूबाई ओरडल्या, "थांबव! आरं थांबव मुडद्या!"

ट्रॅक्टर थांबला. हे वर चढले. मूर्तीच्या गळ्याला, उजव्या कानाखाली, एक चीर पडली होती. केसाएवढी. सासूबाईंनी वर हात करून त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि हात तसाच मागं घेतला.

ट्रॅक्टरवाल्याची सगळी ऐट उतरली. "मावशी, म्या एकदम हळू घेतो," म्हणाला. हळू घेतला. तर ट्रॉली उडायच्या ऐवजी डोलायला लागली, पुढं-मागं, पुढं-मागं. परत थांबलो. मग त्यानं दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. काडीनं व्हॉल्व दाबला की फुस्स व्हायचं आणि धूळ उडायची. टायर जरा बसले. धक्का थोडा मऊ झाला, पण उडणं काही थांबेना.

आमचे हे हुकापाशी जाऊन उकिडवे बसले. पिन हातानं हलवून बघितली. ती सैल खेळत होती. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला त्यांनी खालून नुसता हात लावला, तर दांडा वर आला.

"उलाळ झालीय," हे म्हणाले. "मागं भार, पुढं काय न्हाय. म्या गाडीच्या हिशेबानं ठेवली गं."

"मग सांगत हुते काय मी?" मी म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण बोलले. नवरा चुकला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

मूर्ती उचलून चाकांच्या पुढच्या अंगाला आणली. पिनेला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, म्हणजे लोखंडावर लोखंड आदळायला नको. निघालो. फरक पडला, नाही कसा? पुढचं तोंड उचलायचं थांबलं. पण चाकं दगडावर चढली की ट्रॉली टणकन उडायचीच. सासूबाई मागून चालत होत्या आणि दर धक्क्याला त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर जात होता.

ट्रॅक्टरवाल्यानं परत ब्रेक दाबला. खाली उतरला, टोपी काढली, घाम पुसला. "मावशी, आता माझेबी हात टेकले. रिकामी ट्रॉली लई उडते. उसाचा लोड आसला की हीच ट्रॉली गाय होते, गाय. पर मूर्ती हलकी. हिला तिचा काय भार वाटतोय व्हय?"

"मग दगडं भरू," गल्लीतलं कुणीतरी म्हणालं. "दगडांना काय तोटा हाय हितं!"

"दगडंबी नाचत्याल की तिच्यासंगं. एखादा उडून लागला तर मूर्तीचं तोंडच जाईल," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

माझ्या तळव्यात एव्हाना बाभळीचा काटा मोडला होता. मी बांधावर बसून तो उकरत होते, ऊन डोक्यात गेलं होतं, पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी तिथूनच तडकले, "सकाळी कुठं गेला हुता मग हिचा नाच? येताना तर तू असा पळवत हुतास, सासुरवाडीला निघाल्यागत! तवा का न्हाय उडली ही?"

मी आपली चिडून बोलले. मला काही उमगलं होतं म्हणून नव्हे. पण तो ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं एकेक करत सगळ्या गल्लीकडं बघितलं. चपला हातात धरून उभ्या असलेल्या बायका, पागोटं सारखं करणारे म्हातारे, लेकुरवाळ्या.

"तवा तुमी हुता की वर," तो म्हणाला.

सगळे सासूबाईंकडं बघायला लागले.

त्या म्हणाल्या, "न्हाय." मग परत म्हणाल्या, "न्हाय, न्हाय. पाया पडायच्या जागी ढुंगण टेकून बसायचं? तुमच्या जिभंला हाड हाय का?"

"आये," हे हळू म्हणाले, "ते तर माणसांतच बसायचे. झाडाखाली, जमिनीवर. माणसं भवतीनं आन् मधी ते. तूच सांगायचीस न्हवं आमाला?"

सासूबाई ट्रॉलीपाशी गेल्या. फळकुटाला धरून त्यांनी त्या चिरेकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ह्या आता म्हणतात, मूर्ती खाली उतरवा, डोक्यावर घेऊन जाऊ. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "धर मला. चढीव."

त्या चढल्या आणि मूर्तीच्या शेजारी बसल्या, खांद्याचा टेका देऊन. मग सगळी गल्ली चढली. ट्रॅक्टरवाल्याला परत जोर आला. उसाच्या मोळ्या रचल्यासारखा तो आम्हाला रचायला लागला. "जड माणसं पुढं! पुढं सरका! वैनी, तुमी तिकडं कुठं कडंला? तुमी हितं, एकदम पुढं!"

"डोळे फुटले का तुझे?" मी म्हणाले. पण गेले पुढं. मी तेव्हा चांगली भरलेली होते, खोटं कशाला बोला.

ट्रॅक्टर निघाला. पहिला दगड आला. मी डोळे गच्च मिटले. खालून नुसतं दबकं धप्प झालं. दुसरा दगड, परत धप्प. डोळे उघडले. ट्रॉली चालली होती, भरल्या घागरीनं चालावं तशी, संथ. पिनेचा आवाज नाही, आदळणं नाही. तीच खडी, तीच ट्रॉली. आणि मूर्तीची मान जागच्या जागी.

"बसली की गं," सासूबाई पुटपुटल्या. "बसली बग."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं, ते नीट सांगता येत नाही. मला एवढंच नवल वाटत होतं, की हे सगळं नुसत्या आमच्या असण्यानं होतंय. कुणी काही करत नव्हतं. आम्ही फक्त बसलो होतो. आजवर ह्या अंगानं पाट्या उचलल्या, दगड फोडले, दुसऱ्याची ज्वारी काढली. ह्या अंगानं नुसतं बसावं आणि त्या बसण्यानं कुणाची मान सावरावी, असं कधी झालं नव्हतं. मिलोच्या भाकरीवर वाढलेलं ते आमचं वजन. शेजारची एक लेकुरवाळी पोराला पाजत बसली होती. तिच्या पोराचं पाऊल मूर्तीच्या गुडघ्याला टेकलेलं होतं, आणि सासूबाईंनी ते बघूनही बाजूला सारलं नाही.

असं करत दुपार कलता कलता गाव आलं.

आमच्या गावाला तेव्हा वेस होती. दगडी, जुनी, वरून ढासळलेली. तिच्या उंबऱ्याला एक मोठी आडवी शिळा आणि तिला लागून नाली. सबंध रस्त्यात एवढा वाईट धक्का दुसरा नव्हता. आणि त्या वेशीचा एक रिवाज होता. आमच्या जातीच्या माणसांनी वेशीत गाडीवरून उतरायचं. पायताण काढायचं, चावडी मागं पडेपर्यंत चालत जायचं. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या, नवरी असून, हळदीच्या अंगानं, इथं गाडीतून उतरून चालत गेलेल्या. माझ्या काळात तसं सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. तरी म्हातारी माणसं उतरायचीच. कुणी सांगायची गरजच नव्हती, वेस दिसली की पाय आपोआप खाली यायचे.

वेस दिसली आणि ट्रॉली उठायला लागली. आधी सासूबाई, मग त्यांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्या, मग पागोटीवाले. पदर सावरत, गुडघ्यावर हात देत सगळे उतरायच्या बेतानं उठले. आणि खरं सांगते, लई तोंडाची म्हणवणारी मी, मीसुद्धा अर्धी उठले होते.

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं आणि बोंबच ठोकली, "बसा! आरं बसा समदी! नाली हाय पुढं! कुणी उतरू नका! एकजण जरी उतरला तरी मूर्ती जाईल!"

तो काही फार मोठं बोलला नव्हता. त्याला आपल्या ट्रॉलीची काळजी. पण तो वेशीच्या तोंडात, चावडीपुढं, गावाला ऐकू जाईल असा ओरडला. चावडीवर चार म्हातारे बसलेले, ते मान वर करून बघायला लागले. सासूबाई तशाच अर्धवट उभ्या, एक हात मूर्तीच्या खांद्यावर. त्यांनी चावडीकडं बघितलं. मग चिरेकडं बघितलं. आणि त्या खाली बसल्या. चांगल्या मांडी घालून बसल्या.

त्या बसल्या तशी सगळी बसली.

चाक शिळेवर चढलं. सगळ्यांनी श्वास धरला. चाक नालीत उतरलं, आम्ही सगळे एकदम खाली दबलो, एकमेकांवर रेललो, आणि ट्रॉली वर आली. मूर्ती हलली नाही. चावडीवरच्या एका म्हाताऱ्यानं वाटेत आलेलं आपलं शेरडू दाव्याला धरून बाजूला ओढलं, आणि आम्ही पुढं गेलो. बसून.

विहारात मूर्ती ओट्यावर ठेवली तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात आधी गळ्यावरून बोट फिरवलं. चीर होती तेवढीच होती, केसाएवढी. ती अजूनही आहे. रंग देणाऱ्याला आम्ही दरवेळी सांगतो, ती बुजवू नको.

मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, माणसं पांगली. सासूबाई विहाराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या. त्यांच्याही तळव्यात काटे मोडलेले होते. मी सुई घेऊन त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"गं," त्या म्हणाल्या, "येशीत आपण उतरलो न्हाय."

"न्हाय, आत्याबाई."

"एकबी उतरलं न्हाय?"

"एकबी न्हाय. उतरलो असतो तर फुटली असती."

त्यांनी मान वळवली. आत मेणबत्तीच्या उजेडात तो चेहरा दिसत होता. मी एक काटा काढला, दुसरा शोधायला लागले.

"मग आजवर उतरत आलो," त्या म्हणाल्या, "तवा काय काय फुटलं आसंल गं?"

त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या. मी त्यांचा पाय घट्ट धरून ठेवला, सुई लागू नये म्हणून.